डॉक्टरीणबाईंच्या पेशंटांची आडनावं

६ सप्टेंबर २०१२
जेवताना आईने विचारलं, "थे अमेरिकेची डाक्टरीन तुले वळखते का रे?" नाही म्हटलं. ती पेशंट तपासते, कागद स्कॅन होऊन नागपूरच्या कंपनीत येतात, नागपूरवाले ते इथे कुडव्याला, आमच्या छोट्या ऑफिसात पाठवतात, आम्ही बिल टाइप करतो, मग विमा कंपनी तिला पैसे देते.
"मंग तू कोन?"
वरण वाढून घेतलं.
आम्ही ज्यांची बिलं करतो त्या डॉक्टरांत या बाईंचा दवाखाना लहान. त्या एकट्या आणि एक रिसेप्शनिस्ट. अक्षर चांगलं, वाचायला त्रास नाही. आज एकही चूक नाही. दोनदा तपासण्याच्या नादात गावी जायची, गोरेगावची बस चुकली.

८ सप्टेंबर
मालक, म्हणजे भैयाजी, आज खुर्च्यांच्या मागे फिरत होते. ते मागे उभे राहिले की माझी बोटं जड होतात. पण थांबले ते शेजारी, वैशालीताईंच्या स्क्रीनपाशी. नवऱ्याच्या पॉलिसीवर बायको पेशंट. दोघांची आडनावं वेगळी.
"ये क्या टाइप किया ताई?"
"विम्याच्या कार्डावर आहे तेच."
"मियां-बीवी का सरनेम अलग? रिसेप्शनवाली की मिस्टेक है. ऐसे जितने हैं, सब सुधारो. नागपूरवाले गलती मेरी गिनते हैं."
"काही बाया जुनंच ठेवतात, भैयाजी. मी ठेवलं."
"तभी तो मायके में बैठी हो."
कोणी हसलं नाही. एक जण हसला, खरं म्हणजे. ताई पाणी प्यायल्या आणि टाइप करायला लागल्या. सुधारून.
मीही माझ्याकडची आडनावं सुधारली.

११ सप्टेंबर
आडनावांचं काम चालूच. इथे लिहायला हरकत नाही, मला ते बरं वाटतं. एका घरात एक आडनाव, रकाना स्वच्छ दिसतो. काकूच्या रेशनकार्डावर माहेरचं आडनाव राहिलं होतं तर तहसीलमध्ये किती फेऱ्या झाल्या. त्या बायांच्या तेवढ्या फेऱ्या वाचल्या.
ताई एंटर जोरात दाबतात.

४ ऑक्टोबर
बिलं परत आली. विमा कंपनी म्हणते, या नावाची पेशंट आमच्याकडे नाहीच. सगळ्या त्याच बाया. तिकडे कार्डावर जे नाव तेच माणूस. इथे काकूचं कार्ड बदलावं लागलं, तिकडे उलट. हे माझ्या डोक्यात आलंच नाही.
नागपूरचा फोन. भैयाजी गच्चीवर जाऊन बोलले, तरी ऐकू येत होतं.
बाईंच्या रिसेप्शनिस्टची मेल नागपूरने जशीच्या तशी पुढे पाठवली. इंग्रजी पूर्ण कळलं नाही. एवढं कळलं, की पैसे अडकल्यामुळे आता तिला अर्धाच दिवस काम आहे. शेवटी आभार मानलेत. कशाबद्दल कोण जाणे.

८ ऑक्टोबर
भैयाजींनी चहाला टपरीवर नेलं. एरवी कोणाला नेत नाहीत.
"शुक्रवार को नागपूर से साहब आएंगे. पूछेंगे किसने बदला. बोल देना, ताई ने अपने मन से किया. बहस की आदत है उसकी, सबको पता है."
मी म्हणालो, आडनावं मीही बदलली.
"तू बच्चा है. तेरे को टीम लीडर बनाना है."
बारावी नापास आणि टीम लीडर. नाही म्हणायला पाहिजे होतं. चहा संपवला.

१० ऑक्टोबर
आई : "काऊन जेवून नाही राहिला?" पोट बरं नाही म्हटलं.
ताईंना सांगायचं होतं. दिवसभर हातभर अंतरावर बसल्या होत्या. सुटल्यावर मागोमाग उतरलो, तोवर स्कूटी वळली.
उद्या. उद्या सांगतोच, नाहीतर

१२ ऑक्टोबर
बोललो.
ताईंना सांगणं काल राहिलंच. आज साहेबांपुढे म्हणालो, भैयाजींनी सांगितलं होतं, ताई नको म्हणाल्या होत्या, आम्ही सगळ्यांनी बदललं. वाक्यं बरोबर आली. बसमध्ये पाठ केली होती.
साहेब म्हणाले, "सगळ्यांनी? म्हणजे बाकीच्या डॉक्टरांच्या फाइलींमध्येही?"
हे पाठ केलं नव्हतं. हो म्हणालो.
ते रागावले नाहीत. लॅपटॉप मिटला आणि भैयाजींना आत बोलावलं. दार लावून घेतलं.

१३ ऑक्टोबर
नागपूरहून आज काम आलं नाही. सगळे रिकामे बसून. ताईंनी जिन्यात गाठलं.
"तुले कोणी सांगतलं होतं मधात पडाले?"
"ते सगळं तुमच्यावर घालणार होते, ताई."
"माहीत होतं मले! माजं बोलणं झालं होतं भैयाजीसंगं. मी माफी मागणार, दिवाळीपर्यंत घरी बसणार, मंग परत घेणार. नागपूरचं काम राहिलं असतं, सगळ्यांचं राहिलं असतं. पोरीची शाळा आहे माजी. आता घेते का तो मले?"
"मला वाटलं..."
"तुले वाटलं. भैयाजीलेही असंच वाटलं होतं. मले विचारा कोणीच नका."
खाली गेल्या. मी वरच्या पायरीवर. मागून हसण्याचा आवाज आला. परत तोच एक जण.

१४ ऑक्टोबर, रविवार
नागपूरचा निरोप : आम्हाला काम द्यायचं की नाही, ते उद्या सकाळी कळवू. भैयाजी कोणाचाच फोन उचलत नाहीत.
ताईंना फोन केला. मुलीने उचलला. "मम्मी म्हणते मम्मी घरी नाही." मागे कुकरची शिट्टी झाली. मुलगी फोन ठेवायची विसरली, मीही ठेवला नाही. ताई तिला पाढे म्हणायला सांगत होत्या. मग कोणीतरी बंद केला.
माफी मागायची तर कशाची, हे नीट लिहून काढायचा प्रयत्न केला. खोटं बोललो नाही. तरी वाक्य होत नाही.
आई विचारते, उद्या डबा करू का. कर म्हटलं.