रेसिंग सायकलचं कॅरिअर

माय, तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसलेय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे पोस्टात टाकण्याचा प्रश्न तेव्हाही नसता आला.

दहावीची सुट्टी आहे. नवागामच्या खोलीत आपण दोघी साड्यांवर टिकल्या चिकटवतोय. जेवतानाही माझी बोटं चमकतात. तू घरासाठी चिकटवतेस, मी सायकलसाठी. उधन्याच्या गुजराती सायकलवाल्याकडे एक जुनी रेसिंग सायकल विकायला आलीय, लाल, खाली वळलेल्या हँडलची. मी रोज वाट वाकडी करून तिला बघून येते. पण सुट्टी संपत आली तरी दोनशे रुपये कमीच, आणि सायकलवाला म्हणतो, रविवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय. मला रडू फुटलं. तू हातातली साडी घडी करून ठेवलीस, चपला घातल्यास आणि म्हणालीस, "चाल, माले दखाड."

दुकानात तू सायकलीभोवती एक फेरी मारलीस, म्हैस घ्यायला आल्यासारखी. मग हँडलवर हात ठेवून विचारलंस, "भाई, ये किधर आपटी?"

"आपटी नथी, मासी. रेसिंग छे. हँडल आवुंज होय."

तुझा विश्वास बसला नाही. "मडगार्ड किधर है? घंटी? स्टँड? टायर तो घिस के दोरी हो गया." तो बिचारा वजन, वारा, वेग समजावत राहिला आणि तू नसलेल्या प्रत्येक वस्तूचे पैसे कापत राहिलीस. "आधी सायकल देता है और पूरे का पैसा मांगता है?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी त्यानं हात जोडले. दोनशे उतरले, वर तू मागे लोखंडी कॅरिअर फुकटात बसवून घेतलंस, दूधवाल्याच्या सायकलला असतं तसं. "नहीं तो मैं किधर बैठूंगी?"

त्या कॅरिअरची मला फार लाज वाटायची. रोज सकाळी पिठाच्या गिरणीमागे पान्यानं ते काढून दप्तरात कोंबायचे, येताना पुन्हा बसवायचे. एका संध्याकाळी घाईघाईत बसवून घरी आले, तर तू गाठोडं घेऊन दारातच उभी. "माले उधनाले सोड, साड्या देवान्या शेतस." अर्ध्या वाटेत मागून एकदम हलकं वाटलं. आज पाय छान चालताहेत म्हणून मी वेग वाढवला. लोक ओरडले तेव्हा वळून पाहिलं. तू रस्त्यात बसलेली, गाठोडं छातीशी, आणि तुझ्याखाली कॅरिअर.

हाडबीड मोडलं नाही. पण कॅरिअर हातात घेऊन तू लंगडत थेट सायकलवाल्याकडे गेलीस. "मेरी कमर का क्या?" त्यानं नटांची रिकामी भोकं पाहिली, मग माझ्या हातांना लागलेलं ग्रीस पाहिलं. मी हात पाठीमागे लपवले. "मारी भूल, मासी," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत बघत त्यानं कॅरिअर सायकलला वेल्डिंगच करून टाकलं.

नट मी आवळले नव्हते, माय. तू मात्र थंडी पडली की त्याच्या नावानं शिव्या द्यायचीस, आणि मी "चोरच मेला" म्हणत तुझ्या कमरेला बाम चोळायचे.