डावा हात मोडला होता ना?

४ ऑगस्ट
नांदगाव पेठेजवळच्या पडक्या विहिरीतून काढलेली बाई आज पोस्टमॉर्टेमला आली. दहा-बारा दिवस पाण्यात. चेहरा गेलेला, बोटांची कातडी गेलेली. वय वीस ते पंचवीस, उंची पाच फुटांच्या आसपास. डाव्या हाताचं हाड मोडून जुळलेलं. बुडाली की मेल्यावर टाकली, कळायला मार्ग नाही. मत राखून ठेवलं. मांडीचं हाड लॅबला. त्यात विहिरीतलं बारीक शेवाळ निघालं तर पडली तेव्हा श्वास चालू होता.
अंगात कापड कारखान्याचा एप्रन, खिशावर नंबर. पीएसआय खूश.

५ ऑगस्ट
नंबर तिवस्याच्या वर्षा नावाच्या मुलीचा, तीही बेपत्ता. वडील आले, रामदासजी. एप्रनला हात लावला आणि फरशीवरच बसले.
मी विचारलं, "डावा हात मोडला होता ना?"
"मोडला होता जी. लहानपणी. बोरीवरून पडली होती."
डीएनएसाठी रक्त द्या म्हटलं, तर म्हणाले, "ओळखली ना मी! आता मले कावून टोचता?" पीएसआय म्हणाले, पटली ओळख, सोडा. सोडलं. सही माझी. संध्याकाळी तिवस्यात अग्नी दिला.

१९ ऑगस्ट
अकोल्याच्या शमीमबी आल्या, शिवणकाम करतात. मुलगी नसरीन त्याच कारखान्यात, पॅकिंगला. महिनाभर फोन बंद. पिशवीतून एक्स-रे काढला. डावा हात, गेल्या वर्षीचा, स्कूटीवरून पडली तेव्हाचा. खिडकीशी धरला. तेच हाड, तीच तिरपी रेघ.
एप्रनचं विचारलं. "वो लडकियां कहां अपना-अपना पहनतीं, मॅडम! धोके टांगते, जो सूखा मिला वो पहनके भागते."
"बघतो आम्ही," मी म्हणाले. लाज वाटली.

२० ऑगस्ट
लहानपणी मोडलेलं हाड विशीत इतकं ठळक दिसत नाही, बुजून जातं. हे मी दरवर्षी मेडिकलच्या मुलांना शिकवते. विचारायचं कसं तेही शिकवते: कधी काही मोडलं होतं का? बस. उत्तर त्यांच्या तोंडात कोंबायचं नाही. त्या दिवशी बाहेर आणखी तीन पोस्टमॉर्टेम, फ्रीजर बंद, आणि मला घाई. त्या माणसाला, तिला सहावं बोट होतं का, असं विचारलं असतं तरी हो म्हणाला असता.

२३ ऑगस्ट, शनि.
घरी, अकोल्याला, जठारपेठेत. ह्यांना सांगितलं. "रिपोर्ट येऊ दे ना, तू कशाला आधी पुढे पुढे..." पीएसआयचंही तेच. "मुसलमानाची पोरगी आपण जाळून बसलो, हे अकोल्यात कळलं तर? दम धरा मॅडम."
दम धरून काय? कोणाचं रक्तच घेतलं नाही तर हाड जुळवणार कशाशी? गप्प बसले तर शमीमबी जन्मभर फोन लावत राहतील. बोलले तर नोकरी, दोन घरं, वर गावाची आग. कुठूनही वाट नाही. भाजी आणायलासुद्धा गेले नाही, त्या समोर आल्या तर म्हणून. भित्री आहेस तू, बाई.

२६ ऑगस्ट
पोलिसांना पत्र दिलं. ओळखीबाबत शंका, दोन्ही कुटुंबांचे रक्तनमुने घ्यावेत. माझा प्रश्न चुकला, तेही लिहिलं. पीएसआय फोन घेत नाहीत.

२९ ऑगस्ट
शमीमबींचं रक्त घेतलं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. सुई निघाल्यावर म्हणाल्या, "जला दिया ना?"
हो म्हटलं.
"नहलाया था किसीने?"
मला माहीत नव्हतं.
"कुछ बचा है?"
मांडीचं हाड. लॅबमध्ये, सीलबंद. कोर्टाने सांगितल्याशिवाय देता येत नाही. त्यांनी मान हलवली. माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१ सप्टेंबर
रामदासजींचा फोन. पोलीस रक्त घेऊन गेले. शिव्या खायची तयारी ठेवूनच उचलला.
"मॅडम, ते माही वर्षा नसंन, तं मंग माही पोरगी जिती असंन ना?"
रिपोर्ट यायचाय, म्हटलं.
"तिची माय कालपासून दाराले कडी लावू देऊन नाही राहिली. मी काय सांगू तिले?"