बोथट हत्यारांची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी शाळेच्या बागेत माळीकाम करणारी आणि आता स्वतःच्या अंगणाशी भांडणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गल्लीत मला 'कोयतेवाली' म्हणतात आणि माझ्या डोक्याविषयी काही जणांची मतं वेगळी आहेत, पण डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणीही दडपण आणलेलं नाही. आणून बघावं.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण, माझ्या एकुलत्या एका मुलीला. अंगणात फरशी घालावी असं जावईबापूंच्या मनात आहे. घर मुलीचं, तेव्हा निर्णयही तिचाच. फरशी घातली तर मी भूत होऊन येईन, असं मृत्युपत्रात लिहिता येत नाही म्हणे, म्हणून लिहीत नाही.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलीला आणि नातीला सारखं. भांडू नये. भांडायचंच असेल तर माझ्या साड्यांवरून भांडावं, त्या तशाही कोणाला नको आहेत.

कलम ३. पलीकडच्या घरातल्या निवृत्त मास्तरांना काहीही देऊ नये. त्यांनी माझा कोयता 'जरा वेळ' म्हणून नेला, त्याने रंगाचा डबा उघडला आणि पात्याला खाच पाडून परत आणून दिला. वर म्हणाले, "जुनाच तर होता!" साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा नियम आहे, त्यामुळे साक्षीदार म्हणून मास्तर अगदी योग्य आहेत.

कलम ४. माझी तीन हत्यारं. एक तोच कोयता, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला. एक घडीचा चाकू. त्याची स्प्रिंग सैल झाली आहे आणि तो खिशात आपणहून उघडतो, म्हणून त्याला रबरबँड लावून ठेवावा. एक सुरी, बिनटोकाची. टोक तंबूची खुंटी उपसताना मोडलं. ही तिन्ही माझ्या नणंदेला.

कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी तिला 'वन्सं' म्हणायची, अहो-जाहो करायची. पहिल्याच हिवाळ्यात ती म्हणाली, "वहिनी, नदीवर तंबू ठोकून राहायला येता का? दादाला विचारू नका, नुसतं सांगा." मी सांगितलं. हे म्हणाले, "दोघी फिरायला जाताय की पळून जाताय?" वन्सं म्हणाल्या, "ते जागा बघून ठरवू." त्या संध्याकाळी तंबू दोनदा अंगावर कोसळला. दुसऱ्यांदा मी ओरडले, "अगं ए, काठी धर की!" अहो-जाहो तिथेच संपलं. 'वन्सं' तेवढं राहिलं, ते मला आवडायचं म्हणून.

मग दर हिवाळ्यात आम्ही जात राहिलो. कापणं माझं, धार तिची. ती छापखान्यात कागद कापायच्या यंत्राची पाती सांभाळायची. नखावर पातं टेकवून धार सांगायची. नदीकाठी ओला दगड पुढ्यात घेऊन ती घासत बसायची आणि मी फांद्या तोडायची, दोर कापायची, खुंट्या तासायची. दगडाला तिने मला कधी हात लावू दिला नाही. म्हणायची, "तू धार खातेस, लावणं तुझं काम नाही." मीही तिला कापू देत नसे. बटाटा सोलायला दिला तर बाईसाहेब सालाबरोबर निम्मा बटाटा काढायच्या.

तिचा नवरा गेला त्या वर्षीही आम्ही गेलो. ती दिवसभर धार लावत बसली. मी दिवसभर कापत राहिले, आणि कापायला काही उरलं नाही तेव्हा नुसत्या खुंट्या तासत बसले. तिने एकदाच वर पाहिलं. म्हणाली, "पुरे गं, सर्कशीचा तंबू उभा राहील एवढ्या झाल्या." मग आम्ही दोघी हसलो, आणि मग ती रडली. त्या खुंट्या अजून माळ्यावर आहेत.

पुढे ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि भाचा, म्हणजे तिचा मुलगा, तिला आपल्या शहरात घेऊन गेला. निघताना दारात म्हणाली, "येत जा गं तिकडे." मी म्हणाले, "गेलीस तू, आता यायचंही तूच." तिनेही मान उडवली. दोघी एकाच माळेचे मणी.

दर रविवारी फोन होतो. ती म्हणते, "या थंडीत नक्की." मी म्हणते, "ये, हत्यारं खोळंबलीत." असे पाच हिवाळे गेले. गल्लीत धारवाला येतो. कोयता बघून म्हणतो, "मावशी, हा कोयता आहे की चमचा? द्या इकडे." मी म्हणते, "राहू दे. आमचं माणूस यायचंय." गवत आता कापलं जात नाही, उपटलं जातं. सुरी घसरून अंगठ्याला टाकेही पडले. पण दुसऱ्या कोणाचा दगड त्या पात्यांना लागू दिलेला नाही. मला तिची फार आठवण येते. घरात माणसं आहेत, मुलगी जीव लावते, तरी कोयता हातात घेतला की मागे कोणीतरी घासत बसलेलं असावं असं वाटतं.

अट : वन्संनी हत्यारं न्यायला स्वतः यावं. टपालाने पाठवू नयेत. यावं, मागच्या अंगणात बसावं, दगड ओला करावा, चहा घ्यावा, धार लावावी आणि मग न्यावीत.

कलम ४ बाबत दुरुस्ती. वरचा मजकूर काल वकीलबाईंना दाखवला. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत. अट त्यांनी पुन्हा वाचली.

"मावशी, चहा कोण करणार आहे?"

"मी. दुसरं कोण?"

त्यांनी कागद खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही गेल्यानंतर उघडायचं असतं."

"एवढं कळतं मला," मी म्हणाले. कळत नव्हतं. ते कलम लिहिताना अख्खा वेळ मी स्वतःला दारात उभं धरलं होतं.

घरी येऊन भाच्याला फोन लावला. रविवार नव्हता, तो घाबरला. म्हणाला, "मामी, आईला आता प्रवास नाही जमायचा. आणि तिचे हात थरथरतात हो. दगड धरता येणार नाही तिला."

"दगड मी धरीन, पातंही मीच फिरवीन. तिने शेजारी बसायचं आणि चुकलं की ओरडायचं. ओरडता येतं ना अजून?"

"ते येतं," भाचा म्हणाला.

सबब कलम ४ मी खोडत आहे. नव्या कागदावर लिहा, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. पण मी नुसती एक रेघ मारली आहे, म्हणजे खालचं वाचता येईल, आणि रेघेशेजारी सही केली आहे. सदर तीन हत्यारं यापुढे माझ्या मिळकतीत धरू नयेत. ती माझ्या पिशवीत, टॉवेलमध्ये गुंडाळलेली आहेत आणि मी उद्या सकाळच्या गाडीने निघत आहे. परत कधी येणार, असं मुलीने विचारलं. त्याची नोंद करण्याची मला गरज वाटत नाही.

या मृत्युपत्राबाबत कोणाला काही विचारायचं असल्यास मी वन्संकडे आहे.

लिहून ठेवणारीची सही : (सही)

साक्षीदार १ : शेजारचे मास्तर (सही, कलम ३ वाचून, नाराजीने)
साक्षीदार २ : कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई (सही)

ठिकाण : राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक : नऊ डिसेंबर