जोडीचं साल

सोमवार, ३ फेब्रुवारी १९४१

सकाळी वसमत स्टेशनावर उतरले आणि उत्तमरावांनी पाठवलेल्या बैलांच्या दमणीतून कुरुंद्यापलीकडच्या त्यांच्या वस्तीवर येऊन पोचले. वाटेत जिकडे तिकडे हळद. कुठे खणून काढलेली, कुठे काहिलीत शिजत असलेली, कुठे खळ्यावर वाळत पडलेली. बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे.

हैदराबादेत जनाना दवाखान्यात नर्सांना शिकवून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, आता देवाचं नाव घ्या. कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी ते इतकं घ्यायला लावलं होतं की अजून साठा शिल्लक आहे. म्हणून उत्तमरावांचं बोलावणं आलं तशी निघाले. त्यांनी वस्तीवर बायांसाठी दवाखाना काढलाय. बाया भितात, आपल्या पायांनी येत नाहीत. त्यांना चार गोष्टी समजावायच्या. एवढ्या जमिनीचा धनी आणि मजुरणींच्या प्रकृतीची काळजी! असा प्राणी मी प्रथमच पाहिला.

खोली नुकती सारवलेली आहे. डॉक्टर गोपीचंद तरुण, अदबशीर. त्यांच्या कपाटावरून बोट फिरवून पाहिलं. धूळ नाही. दोष काढायला जागा न सापडल्यामुळे जराशी निराश होऊन झोपते आहे.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिला वर्ग दवाखान्याच्या ओसरीवर झाला. लाल खणाचं गर्भाशय शिवून नेलं होतं, दोन बाजूंना दोन नळ्या, टोकाला कापसाच्या गोळ्या. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. शकुबाई म्हणून एक फटकळ बाई आहे. तिने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. म्हणाली, "एवढुशी पिशवी, अन् तिच्यापायी सासवांचा एवढा तमाशा!"

आम्हाला नन्स झगा घालून आंघोळ करायला लावत. स्वतःचं अंग स्वतः बघायची चोरी. मी या बायांना नेमकं उलटं सांगितलं. अंग तुमचं आहे. पाळीची फडकी उन्हात वाळवा, आढ्यात कोंबू नका. अंगावरून पांढरं जातं ते पाप नव्हे, दुखणं आहे. आणि डॉक्टर हात लावील त्याआधी विचारा, काय करतोस आणि कशासाठी. शेवटच्या वाक्याला त्या सगळ्यांत जास्त हसल्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

माझ्याकडे पाणी भरणारी द्वारका गरोदर आहे, आठवा महिना. एक मुलगी आहे, आता मुलगा हवाय, आणि त्यानंतर आणखी एक मुलगी, 'पहिलीला सोबत'. सगळं ठरवून बसली आहे. तिने सुईण सांगून ठेवली होती. मी चार दिवस डोकं खाऊन तिला दवाखान्यात बाळंत व्हायला राजी केलं. तिचा नवरा सोनाजी उत्तमरावांचा सालगडी आहे. तो ऐकून बैल सोडायला गेला. आनंद झाला असावा, असं मी धरून चालले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आपलं पोट आपण कसं चाचपावं ते आज शिकवलं. शकुबाईने लुगडं खाली सारलं. बेंबीच्या खाली एक आडवा व्रण. सुबक टाके. मागच्या वर्षी अडली म्हणून तिला खाटेवर घालून दवाखान्यात आणलं होतं. बाळ नीट झालं, दुसऱ्या दिवशी भूल दिली. कशाला, ते तिला माहीत नाही. "गाठ व्हती म्हने. काढली."

मग मंजुळाबाईने दाखवला. मग तिच्या जावेनेही. तोच व्रण, तीच जागा. आणि तेच शब्द, त्याच सुरात, मुलांनी पाढा म्हणावा तसे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

डॉक्टरांना विचारलं. हळदीच्या धुरात काम करणाऱ्या बायांना गाठी होतातच, म्हणाले. मी इतकी वर्षं हेच शास्त्र शिकवलं. अशी गाठ माझ्या ऐकिवात नाही. कोणाला विचारून कापलं? घरच्यांना. बाईला? ते हसले. माझ्या वर्गातल्या बायांसारखेच.

व्रण असलेल्या सगळ्या जणींची पाळी नियमित आहे. त्यानंतर एकीलाही दिवस गेलेले नाहीत. गाठ काढलेली नाही. नळ्या बांधल्या आहेत.

बुधवार, ५ मार्च

उत्तमरावांकडे गेले. वाटलं होतं, ऐकून हादरतील. त्यांनी आधी मला चहा दिला आणि मग शांतपणे समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. इकडे पाडव्याला जोडीचं साल ठरतं, नवरा-बायको दोघांचं वर्षभराचं काम. गडी मान हलवतो ती दोघांची. बाई बाळंत झाली की तिचे हात बंद, आणि हळद तर थांबत नाही. मी म्हटलं, गड्याने कामाला मान हलवली, बायकोच्या पोटाला नाही. ते म्हणाले, सालात पोट कुठून वेगळं काढायचं?

निरोप देताना हात जोडले. "पहिले उचलून आनाव्या लागत व्हत्या. तुमी आल्यापासून बाया आपल्या पायानं येऊन राहिल्या, बाई. तुमचे लई उपकार हायेत."



सोमवार, १० मार्च

वर्गात सगळं सांगितलं. खणाच्या पिशवीच्या नळ्या दोऱ्याने बांधून दाखवल्या. कोणी हसलं नाही. शकुबाईने दोऱ्याला बोट लावून विचारलं, "मंग आता सोडता येतंय का ते?"

नाही, म्हटलं.

ती उठून कामावर गेली. मागोमाग सगळ्या.

गुरुवार, १३ मार्च

वर्गाला कोणी आलं नाही. वसमतला जायला दमणी मागितली. बैल थकलेत म्हणे. सोनाजीला बाजूला घेऊन सांगितलं, द्वारकाला तिच्या माहेरी पोचव. पाडवा झाल्याबिगर साल सोडता येत नाही, म्हणाला. द्वारकाचे दिवस तोवर थांबणार आहेत का?

वाटेत जो तो माझ्या तब्येतीची चौकशी करतो. मुकादम म्हणाला, चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले, तपासून घ्या एकदा.

माझी तब्येत ठणठणीत आहे.

रविवार, १६ मार्च

द्वारका पाणी ठेवून दाराशी घोटाळत उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या पोटात गाठ हाय म्हने."

कोण म्हणालं? समदेच.

मी माझं पोट चाचपलं. काही नाही. पुन्हा चाचपलं—

मंगळवार, १८ मार्च

आज दूध गोड लागलं. मी साखर घेत नाही. ओतून दिलं. दुपारी तरीही झापड— दार बाहेरून लावलेलं होतं. संध्याकाळी उघडं. कोणी लावलं? कोणालाच ठाऊक नाही.

बुधवार, १९ मार्च, रात्री

द्वारकाला कळा. दवाखान्यात नेलं— मी धावत गेले, ही वही काखोटीला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणतात, उद्या गाठ काढू. द्वारका त्यांच्या तोंडावर म्हणाली, "न्हाई. मला न्हाई कापून घ्यायचं." स्पष्ट. मी ऐकलं, सोनाजीने ऐकलं. डॉक्टर म्हणाले, ओली बाळंतीण काहीही बरळते. त्यांनी सोनाजीकडे पाहिलं. त्याने मान—

मी दारात आडवी उभी राहिले. मागून कोणीतरी हात धरले. तोंडावर फडकं. तो गोडसर वास— तो मी हजारदा—

गुरुवार, २० मार्च

डॉक्टर गोपीचंद आणि श्री. उत्तमराव यांस. कागद नाही, म्हणून इथेच लिहिते.

काल दि. १९ मार्च १९४१, दुपारी तीन वाजता मला माझ्या इच्छेविरुद्ध भूल दिलीत. शुद्धीवर आले तेव्हा बेंबीखाली पट्टी होती. या वयात माझ्यातून काय काढलंत? कोणाला विचारून? माझ्या वतीने मान हलवायला माझ्यामागे कोणीही नाही.

द्वारका शेजारच्या खाटेवर आहे. जागी आहे, लेकरू पाजते आहे. तिच्या पोटाला अजून कोणी हात लावलेला नाही. ती नाही म्हणाली आहे. तिने नाही म्हटल्यावर तिला कापणार नाही, हे मला लेखी हवं. आज दुपारी बाराच्या आत. माझ्या हातात. खाली दोघांच्या सह्या.

बाहेर कापायची हत्यारं उकळत ठेवली आहेत. झाकणाचा आवाज, मग दाराकडे येणारी पावलं— द्वारका माझ्याकडे बघते आहे. मला उठता येत नाही. ती लेकरू माझ्याकडे देते आहे, धरा म्हणते—

बारापर्यंत लेखी उत्तर मिळालं नाही, तर मी