नाळीचा कोन

मी, किशोरी बाबली मेस्त्री, वय ५९, जहाजांचे आराखडे काढणारी, राहणार धुरीवाडा, मालवण, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. त्यांचे काय जाते!

१. राहते घर भावजय सुगंधा हिला. ते तिनेच राखले. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या भावाने, भाईने, त्यात लुडबूड करू नये. आमचे बाबा होड्या बांधायचे. मुलीचा हात लागला तर होडी बुडते, असे म्हणून भाईने मला त्यांच्या होडी बांधायच्या मांडवातून हाकलले होते. मी विसरलेले नाही.

२. बँकेतली शिल्लक पुतणी दिव्याच्या शिक्षणासाठी. बाबांची करवत आणि रंधाही तिलाच. भाईला हात लावू देऊ नये.

३. ध्रुवाकडे संशोधकांना नेणाऱ्या नव्या बर्फफोड्या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, मी आखली. आमच्या होडीची नाळ पाणी कापते. बर्फात ते चालत नाही. तिथे नाळ पसरट आणि कललेली लागते. जहाज बर्फावर चढते आणि वजनाने तो फोडते. वीस वर्षे मी हेच इतरांना शिकवले. तरी वाटेतल्या खवळलेल्या समुद्राच्या धास्तीने नाळ होडीसारखी, चार अंशांनी जास्त उभी केली. हात शेवटी बाबांचाच ना! चाचणीत छोटी प्रतिकृती सात वेळा बर्फावर घातली, दोनदा रुतून बसली. ऑफिसला दिलेल्या अहवालात मी लिहिले, "प्रतिकृतीतील दोष." दोष माझ्या रेषेत होता. येत्या सोमवारी नाळीचे पोलाद कापायला घेणार आहेत.

जेटीवर मासळीसाठी बर्फ फोडतात, तो आवाज आला तरी आता मी खिडकी लावून घेते. सुगंधाचा मुलगा दीपेश या जहाजावर इंजिनिअर म्हणून जाणार आहे. परवा जेवताना म्हणाला, "आते, तुया काढललां जहाज तां. माका कसली भीती?" मी ताटावरून उठले.

४. माझ्यामागे हे कळावे म्हणून लिहायला बसले. पण मी ऑपरेशनातून वाचले तर? पाकीट कपाटात राहील, मी गप्प राहीन, पोलाद कापले जाईल. मरणाची भीती आहेच, पण वाचण्याची जास्त वाटते. लिहायला लाज वाटते, तरी खरे आहे.

५. म्हणून दीपेशला मी काहीही देत नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात, आणि मला साक्षीदार तोच हवा आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. दीपेश, तू मात्र वाच. वाचल्याशिवाय सही करू नकोस.

मालवण, मंगळवार, दि. ११ नोव्हेंबर २०२५
किशोरी बाबली मेस्त्री

हिने आमच्या डोळ्यांदेखत सही केली:

१. नम्रता सुदेश केळुसकर, शेजारीण

२. दीपेश भाई मेस्त्री
वाचलंय सगळां. आते, ऑफिसात फोन आत्ताच लाव. मी बाजूक बसलंय.