सासूबाईंचं पोट

२ मार्च, रविवार

सासूबाईंना सकाळपासून दोन उलट्या. "कालचं काहीतरी बाधलं," म्हणाल्या, आणि वर मलाच धीर— "माझ्यापायी तुझी सुट्टी वाया घालवू नकोस."

सोफ्यावर आडवं केलं, गाऊनवरूनच पोट दाबून पाहिलं. मऊ. कुठे हात लावला म्हणून कळवळल्या नाहीत. पित्ताची गोळी दिली, पाणी घोटघोट घ्यायला सांगितलं. सर्जन म्हणून सतरा वर्षं झाली, आठवड्याला पंचवीस-तीस पोटं तपासते. या पोटाला मिनिटभरही लागलं नाही.

दुपारी नवऱ्याचा फोन. तो धरणाच्या कामावर, इथून दीड दिवसाची वाट. आईचं सांगितलं तर म्हणतो, "तू आहेस ना घरात? मग मला कसली काळजी!"

खरंच की.

३ मार्च, सोमवार. दुपारचे दोन

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. आत सासूबाई आहेत. मला आत जाऊ दिलेलं नाही!

सकाळी चहाला हाक मारली तर उत्तर नाही. बघते तर न्हाणीघरात, बादलीला धरून बसलेल्या. उलटी हिरवी. पोट फुगून नगाऱ्यासारखं. कळ आली की ओठ दाबून धरायच्या, गेली की मला सॉरी म्हणायच्या.

"शेवटचा गॅस कधी सरला?"

भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शनिवारी."

शनिवारी! म्हणजे दोन दिवस आतडं कुठेतरी अडलेलं, आणि मी पित्ताची गोळी देऊन वर्तमानपत्र वाचत बसले.

गाडीत घातलं, आमच्याच हॉस्पिटलात आणलं. एक्स-रेत आतड्यात पाण्याच्या पातळ्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक. अडथळा तर आहेच. पण कुठे? आधी कधी ऑपरेशन नाही, म्हणजे आत चिकटलेलं काही असायची शक्यता कमी. मी फिल्म उजेडाकडे धरून उभी.

तेवढ्यात गोगलगाय आला. आमचा धाकटा सर्जन. हे नाव मीच ठेवलंय— माझी तीन ऑपरेशनं होतात तेव्हा याचं एक आटोपतं. त्याने फिल्म पाहिलीच नाही. मला विचारलं, "मॅडम, जांघ बघितलीत?"

"पोट बघितलंय मी."

"जांघ?"

बाईमाणसाचं पोट अडलं की आधी जांघ बघा, तिथला हर्निया लाजेपायी लपलेला असतो— हे दर वर्षी नव्या डॉक्टरांना फळ्यावर लिहून कोण शिकवतं? मीच. पण सासूबाईंच्या गाऊनखाली बघायचं माझ्या मनातही आलं नाही. बारा वर्षांत मी त्यांची पोटरीसुद्धा पाहिलेली नाही.

तो खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. घाई नाही. म्हणाला, "आजी, मला मांडीपाशी बघावं लागेल. सिस्टर इथेच थांबतील. चादर लागेल तेवढीच बाजूला करतो. चालेल?"

सासूबाईंनी डोळे मिटले. "बघा बाबा. कुणीतरी बघा एकदाचं."

उजव्या जांघेत, घडीच्या जरा खाली, आक्रोडाएवढी गाठ. टणक. वरची कातडी लालसर. बोट लागताच त्या पहिल्यांदा ओरडल्या. आतड्याचं वेटोळं जांघेतल्या एवढ्याशा भोकात शिरून अडकलंय, त्याचा रक्तपुरवठा तुटलाय. किती तासांपासून, देव जाणे.

मग सगळं भराभर. नाकातून नळी घातली, पोटातलं हिरवं पाणी दोन बाटल्या निघालं. सलाईन, अँटिबायोटिक, लघवीची नळी. मी हात धुवायला निघाले तर भूल देणाऱ्या बाईंनी दार अडवलं. वीस वर्षांची ओळख, मला अगं-तुगं करतात.

"तू कुठे?"

"मी करते. तो फार वेळ लावतो हो!"

"आज तू नातेवाईक. बाकावर बस."

बसलेय. एक वाजता आत नेलं. याच बाकाशी येऊन मी शेकडो लोकांना सांगितलं असेल— "काळजी करू नका." किती मूर्ख वाक्य आहे हे!

त्याच दिवशी, संध्याकाळी

पावणेतीन तास लागले. आतडं काळंनिळं होतं. गरम मिठाच्या पाण्यात भिजवलेले पॅड लावून तो थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बऱ्याचशा भागावर रंग परत आला. सहा इंच मात्र मेलेलं, ते काढून टोकं जोडली.

"मी असते तर फूटभर काढून मोकळी झाले असते," म्हटलं.

"मला वाटलं, वाट बघावी." एवढंच बोलला. टोपी घामाने भिजलेली. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण "जेवलास का?" एवढंच विचारता आलं.

नवऱ्याला फोन केला. "तू आहेस ना—" एवढंच म्हणाला आणि पुढे रडायला लागला. मी नव्हते रे. मी बाकावर होते.

४ मार्च, मंगळवार

शुद्धीवर आहेत. नाकात नळी, त्यामुळे आवाज बसलेला. पहिला प्रश्न: "कुंड्यांना पाणी घातलंस?"

नाही घातलं.

५ मार्च, बुधवार

नवरा आला. आईचा हात धरून बसला आणि दहा मिनिटांत खुर्चीतच झोपला. सासूबाई खुणेनेच म्हणाल्या, त्याच्या अंगावर शाल टाक.

जखमेचं ड्रेसिंग बदलताना त्यांनी मान उचलून पोट पाहिलं. एकतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत नकाशे काढण्यात गेलेली बाई! टाक्यांवरून नजर वरपासून खालपर्यंत फिरवली आणि म्हणाल्या, "रेघ सरळ आहे. कुणी काढली?"

गोगलगाय लाजून लाल. त्याला इतकी मोठी शाबासकी माझ्याकडून दोन वर्षांत मिळालेली नाही.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी ताप. एकशे एक. नाडी एकशे बारा. पोट पुन्हा फुगलंय, गॅस अजून सरलेला नाही. ऑपरेशननंतरचा आज चौथा दिवस. जोड सुटायचा तर याच दिवसांत सुटतो. जोड सुटला म्हणजे आतली घाण पोटभर. बहात्तराव्या वर्षी कितीजण त्यातून उठतात, तो आकडा मला पाठ आहे. आज तो विसरता आला असता तर!

मी गोगलगायीला म्हटलं, "उघडू या."

"पोट दुखतंय का म्हणून विचारलंत?"

"त्या सांगणार आहेत होय? ओठ दाबून धरतील!"

तो जाऊन बसला त्यांच्यापाशी. हाताने चाचपलं, चेहरा बघत राहिला. स्टेथोस्कोप लावून छाती ऐकली, पाठ ऐकली. परत आला. "पोट दुखरं नाहीये. उजव्या फुप्फुसात खाली थोडं कफासारखं वाजतंय. वेदनेपायी खोल श्वास घेत नाहीयेत त्या. स्कॅन करून घेऊ. आणि मॅडम—"

"काय?"

"तुम्ही हात खिशात ठेवा थोडा वेळ."

ठेवले. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्याला कच्चा खाल्ला असता मी.

स्कॅनमध्ये जोडापाशी काही गळत नाहीये. नक्की कुणीच सांगत नाही, मीही पेशंटला कधी नक्की सांगत नाही. दुपारभर त्यांच्याबरोबर श्वास घेत बसले— "घ्या आत, आणखी, आणखी, सोडा." मधेच म्हणाल्या, "तू पण दमलीस. तूही घे." दोघी मिळून घेतले मग.

८ मार्च, शनिवार

सरला!! सकाळी साडेनऊला!

मी चादर नीट करत होते तेवढ्यात मोठा, लांबलचक आवाज. सासूबाईंनी चादर पार नाकापर्यंत ओढली. "अगं बाई! माफ कर हं." आणि मी टाळ्या वाजवतेय! सिस्टर धावत आल्या, पलीकडच्या खाटेवरच्या आजी "अभिनंदन" म्हणाल्या, नवऱ्याने बाहेर जाऊन गोगलगायीला फोनवर सांगितलं. आख्ख्या घराण्यात कुणाच्या पादण्याचा इतका सोहळा झाला नसेल.

"बारा वर्षं तुझ्यासमोर जांभईसुद्धा तोंडावर हात ठेवून दिली," चादरीतून आवाज, "आणि आज हे!" मग दोघींना हसू आवरेना. त्या उशी पोटाशी धरून हसत होत्या, टाके दुखतात म्हणून. "हसवू नकोस मेले!"

मेले म्हणाल्या! पहिल्यांदाच.

ताप नव्व्याण्णव.

१२ मार्च, बुधवार

घरी आणलं. नवरा उद्या परत कामावर. हॉस्पिटलातून निघताना गोगलगायीला म्हटलं, "वर्गात फळ्यावर मी जे लिहिते ना, ते यंदा तू शिकव." तो म्हणाला, "तुमच्याकडूनच तर शिकलो." जखमेवर मीठ! पण त्याला ते कळलंही नाही, इतका सरळ माणूस.

१६ मार्च, रविवार

आज त्यांचे केस धुतले. न्हाणीघरात स्टुलावर बसवलं, मान मागे, माझा तळवा मानेखाली. केस किती विरळ झालेत. आणि पाठीवर डाव्या बाजूला भाजल्याचा जुना डाग— हाताएवढा. लहानपणी उकळतं पाणी सांडलं होतं म्हणे. बारा वर्षं एका छपराखाली राहून मला ठाऊक नाही!

मग अंग पुसून दिलं, ओटीपोटावरची जखम पाहिली. छान भरतेय. आता त्या लाजत नाहीत. म्हणजे लाजतात, पण माझ्यावर उपकार केल्यासारखं तोंड करून लाजतात.

मनात एकच प्रश्न. गाठ एका दिवसात येत नाही. कितीतरी दिवस असणार, ये-जा करत असणार. घरात सर्जन सून, आणि ही बाई लाजेपायी मरणाच्या दारात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. थोडा रागही येतो त्यांचा. विचारायला हवं. पण आज नको. केस वाळवत उन्हात बसल्या होत्या, डोळे मिटून. तसंच बसू दिलं.

२२ मार्च, शनिवार

विचारलं. कुंडीतली माती उकरत होत्या. "मला सांगायचंत ना हो! एवढी कसली लाज?"

त्यांनी हात थांबवला. "लाज नाही गं. सांगायला आले होते मी. दोन वर्षं झाली. तुझ्या खोलीच्या दारात उभी होते. तू म्हणालीस, उद्या बघू. त्याच दिवशी ती फुटलेल्या अपेंडिक्सची पोर गेली होती ना तुझ्या हातून. महिनाभर धड जेवली नाहीस तू. म्हटलं, या पोरीच्या डोक्याला आणखी एक पोट नको. मग ती गाठही आपोआप आत जायची. राहूनच गेलं."

आणि पुन्हा माती उकरायला लागल्या.

दोन वर्षांपूर्वीची वही काढली. ती तारीख सापडली. त्या मुलीवर साडेतीन पानं लिहिलीत मी. तिचे गुलाबी मोजे, तिच्या आईचा आवाज, सगळं.

दारात कुणी उभं होतं, याची एक ओळही नाही.