अनू हसली नाही

मंगळवार, दिवेलागण

हिचे गुडघे बरे आहेत, सूनबाईचा खोकला गेला, नात अनू ठणठणीत आहे. बिघडलंय ते माझंच.

दुपारी अनूसोबत कार्टून बघत होतो. एका शहरात काचेच्या इमारती, लख्ख ऊन, हिरो दिवसाढवळ्या उडतो. दुसऱ्यात अंधार, तुंबलेली गटारं, मुखवट्यातला हिरो. तिनं विचारलं, "आबा, आपलं संभाजीनगर यातलं कोणतं?"

"दुसरं गं! आठवड्यानं नळ येतो, रस्त्यात खड्डे."

"मग आपल्याला वाचवायला कोण येतं?"

"कोण येतंय? टँकर येतो, तोबी उशिरा!"

घरातले सगळे लई हसले. अनू हसली नाही.

आपल्याच गावाला नावं ठेवायची आपली खोड. त्यात माया असते, हे पुण्यात वाढलेल्या लेकराला काय ठाऊक? सुट्टीभर राहणार होती. आता आईला म्हणते, उद्याच जाऊ. ती हसली नाही तेव्हाच मी सावरायला हवं होतं.

आत्ता नळ आला. शेजारच्या रशीदभाईंनी नेहमीसारखी कडी वाजवली, "भाऊ, पानी आया! मोटर लगाव!" आमची मोटर जळालेली. त्यांनी आपली नळी भिंतीवरून टाकून आमची टाकी भरली. दुपारी हेच नाव कसं सुचलं नाही मला?

अनूला जवळ घेऊन म्हणालो, "बघ, रशीदभाई येतात."

"ते उडतात?"

"नाय बाळा. नळी टाकतात."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

सूनबाईनं तिकिटं काढलीत. "पोचलीस की आबाला दोन ओळी लिही," अनूला म्हणालो. "लवकर लिही गं."